भिणारा आणि भिववणारा : संगणकयुगातील भयपट

१९९९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन भयपट एकापाठोपाठ एक प्रदर्शित झाले. जुलैच्या मध्यास 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट', त्यानंतर आठवड्याभराने 'द हाँटिंग' आणि ऑगस्टच्या आरंभी 'द सिक्स्थ सेन्स'. आपल्या परिचित जगाच्या शेजारी आणखी काही वावरत असेल काय, आणि असल्यास ते आपल्यापर्यंत कसे पोहोचते, हा तिघांचाही विषय. तिघांनी निवडलेल्या वाटा मात्र अगदी वेगळ्या होत्या. यान द बाँट यांच्या 'द हाँटिंग'ला सुमारे आठ कोटी डॉलर खर्च आला आणि त्यातील भुताटकीचा मोठा भाग संगणकावर घडवलेला होता. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांच्या 'ब्लेअर विच'च्या चित्रीकरणाचा मूळ खर्च एक लाख डॉलरांच्याही आत होता. तीन तरुण नट हाती कॅमेरा घेऊन आठ दिवस मेरीलँडच्या रानात हिंडले. ज्या चेटकिणीच्या शोधात ते गेले ती शेवटपर्यंत पडद्यावर आलीच नाही. श्यामलन यांच्या 'सिक्स्थ सेन्स'ने आपला सगळा भार एका लहान मुलाच्या चेहऱ्यावर टाकला.

पैसा तिघांनीही मिळवला, तेव्हा बाजाराच्या हिशेबाने हा प्रश्न सुटणारा नाही. पण आज पाव शतकानंतर त्या वर्षातील भीतीचा विषय निघाला, की रसिकांना आठवते ती झाडांना टांगलेली काटक्यांची बाहुली, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस आणि मृतांना पाहणाऱ्या मुलाचे डोळे. आठ कोटींच्या त्या प्रासादतुल्य घरातील एकही भूत कुणाच्या स्वप्नात येत असल्याचे ऐकिवात नाही. असे का व्हावे, या प्रश्नाचा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखामागे आमचा हेतू आहे.

याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. संगणकाने घडवलेले भूत खोटे वाटते, त्याला वजन नसते, खोलीतला उजेड त्याच्या अंगावर नीट पडत नाही, म्हणून भीती वाटत नाही, असे ते उत्तर. आम्हांस ते अपुरे वाटते. यंत्र दरवर्षी सुधारते आहे. उजेड, केस, त्वचा, पाणी यांची नक्कल आता इतकी साधली आहे, की खरे-खोटे ओळखणे जाणकारांनाही जड जाते. दोष केवळ नकलेच्या कच्चेपणात असता, तर तो एव्हाना नाहीसा व्हायला हवा होता. तो झालेला नाही. त्याअर्थी, तो अन्यत्र शोधला पाहिजे.

त्यासाठी आपल्याच शास्त्राकडे वळणे उपयोगी ठरेल. 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. विकृत आवाज, पिशाचादिकांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे, ओस पडलेले घर, अरण्यात जाणे अशी ती यादी आहे. तिच्या आरंभीच आवाज आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी. ओसाड घर आणि अरण्य यांत तर भिववणारे कुणी नाहीच. तेथे आहे ते केवळ रितेपण. या रसाचा वर्ण भरतांनी काळा सांगितला आहे. पुढे अनुभाव येतात : हातापायांचा कंप, भिरभिरणारे डोळे, अंगावरचा काटा, बदललेला मुखवर्ण, घोगरा झालेला स्वर. म्हणजे भीतीचे कारण एकीकडे आणि भीतीने माणसाच्या देहात काय घडते ते दुसरीकडे, आणि या दोहोंच्या संयोगातून रस.

या विचाराला दहाव्या-अकराव्या शतकांतील काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी जी खोली दिली, ती आमच्या विषयाच्या थेट गाभ्यापर्यंत जाते. भयानक रसाचे उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी राक्षस निवडला नाही, वेताळ निवडला नाही, की स्मशानही निवडले नाही. त्यांनी निवडले 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकातील हरीण. दुष्यंताच्या रथापुढे ते धावते आहे. मान वळवून पुन्हा पुन्हा मागे पाहते आहे, अंग आक्रसून घेते आहे, अर्धवट चावलेले गवत त्याच्या तोंडातून वाटेवर सांडते आहे. त्या श्लोकात जे काही दिसते, ते सारे हरणाच्या अंगावर दिसते. त्यावर अभिनवगुप्त म्हणतात ते थोडक्यात असे, की रसिकाच्या अनुभवात भिववणारा खरा नसतोच. आणि तो खरा नसल्यामुळे अमक्या स्थळी, अमक्या वेळी, अमक्याला वाटलेली भीती असे तिचे स्वरूप राहत नाही, शुद्ध भय तेवढे उरते. ते ना केवळ हरणाचे असते, ना केवळ आपले.

हजार वर्षांपूर्वीच्या या विवेचनात आजच्या भयपटाचे निदान सापडते, असे आम्हांस वाटते. भयाचे घर भिणाऱ्यात आहे. संगणकाने निर्मात्यांच्या हाती जे सामर्थ्य दिले, ते मात्र जवळजवळ सगळे भिववणाऱ्याच्या सजावटीवर खर्च होत राहिले. राक्षस दरवर्षी अधिक तपशीलवार होत गेला आणि हरीण पडद्यावरून नाहीसे झाले.

चित्रपटाच्या माध्यमाला हे तत्त्व फार लवकर उमगले होते. मात्र ते उमगायला गरिबी कारण झाली. १९४२ साली आर.के.ओ. कंपनीने निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या हाती 'कॅट पीपल' हे नाव आणि दीड लाख डॉलरांची मर्यादा ठेवली. संतापल्यावर आपण बिबट्याचे रूप घेऊ, या धास्तीने जगणाऱ्या एका तरुणीची ही कथा. तेवढ्या पैशांत पटेल असे रूपांतर दाखवणे शक्य नव्हते. मग दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी दुसरी स्त्री रात्री एकटीच पोहण्याच्या तलावात उतरलेली दाखवली. दिवे मालवलेले, पाण्यावरच्या उजेडाची लहर छतावर आणि भिंतींवर हलते आहे, कोठूनशी गुरगुर ऐकू येते आहे. आणि ती बाई पाण्याच्या मध्यभागी गरगर फिरत चहूकडे पाहते आहे. दिवे लागतात तेव्हा तेथे काहीच नसते. काठावर ठेवलेला झगा तेवढा फाटलेला आढळतो. याच चित्रपटात रात्रीच्या रस्त्यावर मागून येणारी पावले एकाएकी थांबतात आणि ताण असह्य होतो त्याच क्षणी चौकटीत फुत्कारत शिरते ती साधी बस! प्रेक्षक दचकतो आणि मग स्वतःशीच ओशाळतो. त्याला भिववणारा तो स्वतःच होता.

ल्यूटनच्या हाताखाली दिग्दर्शनाचे पहिले धडे घेतलेले रॉबर्ट वाइज यांनी १९६३ साली शर्ली जॅक्सन यांच्या १९५९च्या कादंबरीवरून 'द हाँटिंग' काढला. १९९९चा चित्रपट हा त्याच कथेचा नवा अवतार. एकाच कथेचे हे दोन चित्रपट शेजारी ठेवले, की संगणकाने काय दिले आणि काय नेले, याचा हिशेब एखाद्या ताळेबंदासारखा समोर येतो.

वाइज यांच्या चित्रपटात भूत नाही. एलिनोर नावाची, आईच्या आजारपणात तारुण्य घालवलेली एकाकी स्त्री एका बदनाम घरात संशोधनासाठी येते. रात्री दारावर धडका बसतात. दार आतल्या बाजूस फुगते आणि पूर्ववत होते. त्यासाठी लाकडाचे पातळ थर जोडून केलेल्या दाराला मागून माणसाने रेटा दिला होता. एवढीच काय ती करामत. दुसऱ्या एका रात्री ती अंथरुणात पडून भिंतीकडे पाहत असते. भिंतीवर उठावाची नक्षी आहे. अंधुक उजेडात त्या नक्षीत आपल्याला एक चेहरा दिसू लागतो. कुजबुज ऐकू येते, लहान मुलाचे रडणे ऐकू येते. भीतीने तिने शेजारणीचा हात घट्ट धरला आहे. तो हात आता आपला हात चुरडतो आहे, असे तिला वाटते. ती ओरडते, दिवा लागतो, आणि शेजारीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या बिछान्यात असल्याचे दिसते. मग आपण धरला होता तो हात कोणाचा?

या दृश्यात भिंतीवरची नक्षी जागची हलत नाही, हे विशेष. चेहरा तेथे कोरलेला आहे की नाही, हेही आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. तो आपल्या डोळ्यांनी जमवलेला असतो. आणि म्हणूनच तो पुसता येत नाही. १९९९च्या चित्रपटात याच घराच्या भिंतींवर, पलंगावर, चौकटींवर लहान मुलांचे कोरीव चेहरे आहेत, आणि ते चेहरे माना वळवतात, भाव बदलतात. वस्त्राच्या चुण्यांतून मुलाचा चेहरा उमटून सरकत जातो. शेवटी घराच्या मूळ मालकाचे महाकाय धूसर भूत सगळा पडदा व्यापून उभे ठाकते. तंत्र म्हणून यांतील कित्येक गोष्टी त्या काळी कौतुकास्पदच होत्या. पण चेहऱ्याने मान वळवली, त्या क्षणी प्रेक्षकाचे काम संपले. चेहरा आहे की नाही, हा त्याचा प्रश्न दुसऱ्याच कुणी सोडवून टाकला.

हानी एवढ्यावर थांबत नाही. मूळ कथेचा सारा जीव एका संशयात होता : घर झपाटलेले आहे, की प्रेमाला पारखे झालेले एलिनोरचे मन घराला झपाटते आहे? ज्युली हॅरिस यांनी रंगवलेली एलिनोर त्या घराला भितेही आणि या घराला तरी आपण हव्या आहोत म्हणून सुखावतेही. भूत सर्वांदेखत उभे राहिल्यावर हा संशय कसा टिकावा? एका एकाकी बाईची शोकांतिका होती, तिचे सुष्ट आणि दुष्ट यांचे युद्ध झाले. दृश्य वाढले आणि आशय आक्रसला. संगणकाच्या वापराविषयी आमचा मुख्य आक्षेप आहे तो हा. केवळ भीती कमी होते असे नाही, तर भीतीच्या पोटात असलेले मानवी दुःखही हाती लागत नाही.

याचा परिणाम नटाच्या कामावर होतो, त्याकडे समीक्षकांचे लक्ष त्यामानाने कमी गेले आहे. 'द एक्झॉर्सिस्ट'च्या (१९७३) वेळी मुलीच्या शयनगृहाचा सेट यंत्रांनी गोठवणारा थंड केला होता. नटांच्या तोंडून निघणारी वाफ खरी होती आणि अंगाची थरथरही. 'ब्लेअर विच'च्या नटांना रात्री तंबूबाहेर काय होणार, हे पुरते सांगितलेलेच नसे. याउलट, संगणकीय राक्षसापुढे उभा राहिलेला नट पुष्कळदा हिरव्या पडद्यापुढे उभा असतो आणि त्याची नजर काठीच्या टोकाला लावलेल्या चेंडूवर असते. समर्थ नट तेथेही भीती उभी करू शकतो; आपल्याकडची तमाशापासून दशावतारापर्यंतची परंपरा रित्या रंगमंचावर अरण्य उभे करतच आली आहे. पण दशावतारी नटाच्या भोवती निर्माण होणारे अरण्य त्याच्या देहातून निघते आणि तोच त्याचा कर्ता असतो. हिरव्या पडद्यापुढचा नट एका अशा वस्तूला भितो, जी काही महिन्यांनी दुसरेच कुणी, दुसऱ्याच शहरात बसून घडवणार आहे. कारण आणि कार्य यांची अशी फारकत झाल्यावर अनुभाव हा केवळ उपचार उरतो.

येथे एक आक्षेप न्यायाने विचारात घेतला पाहिजे. न दाखवणे म्हणजेच भय, हे सूत्र मानले, तर जॉन कार्पेंटर यांच्या 'द थिंग'चे (१९८२) काय करायचे? अंटार्क्टिकावरील संशोधन-तळावर आलेला तो परग्रहावरील जीव माणसाचे हुबेहूब रूप घेतो. त्याचे फाटणे, उलगडणे, डोक्याला पाय फुटून चालू लागणे, हे सारे भरउजेडात दाखवले आहे. रॉब बॉटिन यांनी तेव्हा ऐन विशीत रबर, यंत्रे आणि चिकट द्रव्ये यांतून ते घडवले होते. आणि चित्रपट तर भयानक आहे!

आमचे उत्तर असे. ते ओंगळ धूड त्या खोलीत खरोखर होते. नट त्याच्याकडेच पाहत होते. परंतु त्याहून महत्त्वाचे हे, की 'द थिंग'मधील सर्वांत भयप्रद प्रसंग धुडाचा नाहीच. तो आहे रक्तपरीक्षेचा. माणसांना खुर्च्यांना बांधले आहे, प्रत्येकाचे रक्त छोट्या तबकडीत घेतले आहे, आणि तापवलेली तार एकेका तबकडीत बुडवली जाते आहे. आपल्यातला कोण माणूस उरलेला नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. बांधलेली माणसे एकमेकांकडे पाहतात. बारा माणसांच्या त्या तळावर हरीण कोण आणि शिकारी कोण, हेच कळेनासे झाले आहे. धूड ही त्या अविश्वासाला आलेली फळे, मूळ नव्हेत. २०११ साली याच कथेचा पूर्वभाग निघाला. त्यासाठीही कारागिरांनी प्रत्यक्ष प्राणी घडवले होते. पण निर्मितीच्या उत्तरार्धात त्यांपैकी बहुतेकांवर संगणकीय चित्रांचे लेपन झाले. राक्षस अधिक चपळ झाला, आणि चित्रपट विस्मरणात गेला.

मग संगणकाने चित्रपटाचे काहीच भले केले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. येथे पुन्हा रसविचारच उपयोगी पडतो. अद्भुत आणि भयानक हे दोन रस शेजारी असले, तरी त्यांची भूक निराळी. अद्भुताला दर्शन हवे असते. विश्वरूप पाहिल्यावाचून अर्जुनाचे समाधान होत नाही. १९९३च्या 'ज्युरासिक पार्क'मध्ये हिरव्या कुरणात चरणारे अजस्र प्राणी पाहून माणसे स्तब्ध होतात, तेव्हा संगणकाने अद्भुत रसाला आधी कधी मिळाली नव्हती अशी भेट दिली, हे निःसंशय. पण त्याच चित्रपटात भय निर्माण करायची वेळ आली, तेव्हा स्पीलबर्ग यांनी काय केले? पावसाळी रात्र, बंद पडलेली मोटार, आणि पेल्यातल्या पाण्यावर उमटणारी वर्तुळे. ती वर्तुळे गिटारची तार छेडून उठवलेली होती. ज्या चित्रपटाने संगणकयुगाची द्वाही फिरवली, त्यातील भीतीचा कळस एका पेलाभर पाण्यात आहे! अठरा वर्षांपूर्वी 'जॉज'च्या वेळी यांत्रिक मासा समुद्राच्या पाण्यात वारंवार बंद पडला, म्हणून त्यांना मासा फारसा न दाखवता भीती दाखवावी लागली होती. तो धडा ते यंत्र चालू झाल्यावरही विसरले नाहीत.

बहुतेकांना मात्र तो विसर पडला, आणि त्याला व्यवहाराची कारणेही आहेत. रबराचे धूड चित्रीकरणाआधी घडवावे लागते. ते कसे असावे, किती दिसावे, याचा निर्णय आधी घ्यावा लागतो. संगणक हा निर्णय पुढे ढकलू देतो. २००७च्या 'आय अ‍ॅम लेजंड'मध्ये रात्री बाहेर पडणारी रोगग्रस्त माणसे आरंभी रंगभूषा केलेल्या नटांकडून करवून घेतली जात होती. चित्रीकरण सुरू झाल्यावर तो बेत बदलून ती संगणकावर घडवण्यात आली. त्या चित्रपटातला भयाचा खरा क्षण कोणता? ओस न्यूयॉर्कमध्ये रात्र पडताच खिडक्या बंद करून, कुत्र्याला कवटाळून, बंदूक जवळ घेऊन कोरड्या स्नानपात्रात निजलेला नायक, आणि बाहेरचे आवाज. ते प्राणी दिसले, आणि भीतीची जागा पाठलागाने घेतली.

येथवर आम्ही पडद्याचा विचार केला. आता पडद्यासमोरच्या माणसाकडे वळू. कारण खरी चिंता त्याच्याविषयी आहे. आणि हा विषय परक्या मुलखातून आपल्या दारी येतो तो येथेच.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत मुंजा ठाऊक नाही असे घर विरळा. मुंज झालेला, लग्नाआधी गेलेला मुलगा. पिंपळावर त्याचा वास. बस, एवढेच. याहून अधिक वर्णन कुणा आजीने केल्याचे आम्हांस ठाऊक नाही. त्याचे डोळे कसे, दात कसे, हे तिने कधी सांगितले नाही आणि ऐकणाऱ्यानेही विचारले नाही. हडळीचे पाय उलटे, चकवा लागला की वाट सापडत नाही, गोव्याचा देवचार रात्री गावाची राखण करीत फिरतो. आपल्या लोकपरंपरेने भुतांना एकेकच खूण दिली आणि बाकीची जागा ऐकणाऱ्यासाठी मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत ज्याने-त्याने आपापला मुंजा घडवला. ज्यांनी कोकण उभ्या जन्मात पाहिले नाही, त्यांनी माळव्यातल्या पिंपळावर तो बसवला. निजामाच्या राज्यातल्यांनी तेथल्या एखाद्या पडक्या गढीशेजारी. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके ग्रंथालयांच्या कपाटांतून झिजून गेली, ती याच मोकळ्या जागेच्या बळावर. छापील पानावर भूत काळ्या अक्षरांचेच असते. त्याला रंगरूप देण्याचा खर्च वाचकाच्या खात्यावर पडतो, आणि म्हणूनच ते भूत वाचकाचे होते.

२०२४ साली आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला आणि त्याला मोठे यश लाभले. कोकणातील लोकसमजुतीवर उभारलेल्या या चित्रपटातील मुंजा संपूर्णतः संगणकनिर्मित आहे. चित्रपटाला मुळात भीतीबरोबर हसूही हवे होते, आणि विनोदाच्या अंगाने ते पात्र चांगले वठले आहे, हे मान्य करायला हवे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधील (१९९३) रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या तात्या विंचूच्या बाहुलीवर जसा एका पिढीने जीव लावला, तसा याच्यावर आजची मुले लावतील. तक्रार चित्रपटाविषयी नाही. पण आता 'मुंजा' म्हणताच देशभरातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे एकच एक चेहरा उभा राहील, आणि त्यानंतर एखाद्या आजीने ती गोष्ट सांगितली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात मोकळी जागा उरलेली नसेल. हजार पिंपळांवरचे हजार मुंजे उतरून गेले आणि एक तेवढा राहिला. परंपरा अशानेही बारीक होते. तिची प्रसिद्धी वाढत असतानाच.

याच्या उलट उदाहरण म्हणून राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'कडे (२०१८) बोट दाखवावेसे वाटते. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीच्या नावाचा प्रतिध्वनी आणि धारपांच्या कथेची प्रेरणा घेऊन निघालेला हा हिंदी चित्रपट कित्येक वर्षे खऱ्या पावसाळ्याची वाट पाहत चित्रित झाला. त्यातील शापित म्हातारीची भूमिका मोहम्मद समद या बालनटाने जड रंगभूषेत केली आहे. पण ती दिसण्याच्या कितीतरी आधी आपण तिला ऐकलेले असते. साखळदंड, घोरणे, तिला निजवण्यासाठी एका नावाची धमकी आणि ती देताना मुलांच्या आवाजाला सुटलेला कंप, यांतून तिने आपल्या मनात घर केलेले असते. संगणक या चित्रपटातही आहे. उत्तरार्धात एका हस्तरचे अनेक हस्तर होतात, तेथे तो ठळकपणे दिसतो. आमच्या मते तेथे भय थोडे पातळही होते. परंतु तोवर लोभ नावाचे खरे भूत नायकाच्या चेहऱ्यावर, त्याच्या चालीत आणि कमरेच्या मोहरांत इतके दिसून चुकलेले असते, की चित्रपट तोल गमावत नाही. येथे हरीण आणि शिकारी एकाच कातडीत आहेत. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेहून अधिक प्रेक्षक खेचले. रसिकांची कल्पनाशक्ती मेली आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हे यातून दिसते. तिला काम दिले, तर ती अजून कामावर येते.

आणि यंत्रालाही हे काम करून घेता येते, याचा एक देखणा पुरावा 'दि इन्व्हिजिबल मॅन' (२०२०) या चित्रपटाने दिला. दिग्दर्शक ली व्हॅनेल. क्रूर जोडीदारापासून पळून आलेल्या सिसिलियाला तो अदृश्य होऊन आपल्याभोवती वावरतो आहे असे वाटते आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवीत नाही. या चित्रपटातला कॅमेरा वारंवार तिच्यापासून दूर वळतो आणि एखाद्या रिकाम्या कोपऱ्यावर, रिकाम्या खुर्चीवर, बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबतो. तेथे काहीच नसते. आपण मात्र डोळे ताणून पाहत राहतो. झटापटीच्या प्रसंगांत हिरव्या पोशाखातला माणूस प्रत्यक्ष नटीशी झुंजला आणि नंतर संगणकाने त्याला चित्रातून पुसून टाकले. म्हणजे नटीला धक्का देणारा होता, तिची धडपड खरी होती. उरला तो तिच्या देहावरचा परिणाम. संगणकाने येथे भिववणारा काढून घेतला आणि भिणारी ठेवली. अभिनवगुप्तांच्या हरणाची गोष्ट नव्या यंत्राने पुन्हा सांगितली, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होऊ नये. या चित्रपटाचा खर्च सुमारे सत्तर लाख डॉलर, १९९९च्या 'हाँटिंग'च्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

तेव्हा भांडण यंत्राशी नाही. भर घालणारे यंत्र वजाबाकीही करू शकते. प्रश्न ते कोणाच्या हाती आहे आणि त्या हाताला रसाची जाण किती आहे, याचा आहे. पण वजाबाकीसाठी धैर्य लागते. ज्यासाठी कोट्यवधी मोजले ते दाखवायचे नाही, हे व्यापाराला सहज रुचणारे नाही. त्यात आता वर्णनाचे चार शब्द लिहिताच क्षणार्धात चित्र काढून देणारी यंत्रे घरोघर आली आहेत. शब्द आणि चित्र यांच्यामधले जे अंतर आजवर वाचकाचे मन चालून जात असे, तेच अंतर ही यंत्रे नाहीसे करू पाहतात. भयपटापुरता हा प्रश्न आता उरलेला नाही. कथेचा, कवितेचा, कोणत्याही वाङ्मयाचा तो झाला आहे.

भीती ही कल्पनाशक्तीची सर्वांत जुनी तालीम आहे. अंधारात काहीतरी आहे, असे मानून ते काय असेल याचा विचार करू लागलेल्या माणसानेच पुढे न पाहिलेले देव, न पाहिलेले देश आणि न पाहिलेली दुसऱ्याची दुःखे मनात उभी केली. जे समोर नाही ते मनाने पाहण्याची ही सवय सुटली, तर केवळ भुते जातील असे नाही. दुसऱ्याच्या काळजातली धडधड ऐकण्याची शक्तीही तिच्यासोबत जाईल. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही गोष्ट अधिक निकडीची आहे. आपले कोकण, आपला सह्याद्री, आपली कित्येक माणसेसुद्धा आपण शब्दांच्या आधारे मनातच उभी केलेली आहेत. म्हणून पडद्यावरचा राक्षस किती हुबेहूब झाला, हे विचारण्याआधी चित्रपटाने आपल्यासाठी काही जागा शिल्लक ठेवली आहे काय, हे रसिकाने विचारावे. आणि घरातल्या मुलांना मुंजाची गोष्ट सांगताना, तो कसा दिसतो या प्रश्नावर आजी जशी गप्प राहत असे, तसे आपणही गप्प राहावे.